उलटी वकिली

आमच्या घरात दिवसा कुणी मोठ्याने बोलायचं नाही, असा नियम होता. बाबा वाशीच्या मार्केटात माथाडी. ट्रक रात्री लागायचे, रात्रभर पोती पाठीवर वाहायची आणि सकाळी घरी येऊन झोपायचं. घर म्हणजे तुर्भ्यातली एक खोली. तीत बाबा झोपलेले, आई लसूण निवडायला गेलेली आणि आम्ही दोघं भावंडं शाळेची वेळ होईपर्यंत आत बसलेलो. भांडं वाजलं तरी छातीत धस्स व्हायचं. बाबा ओरडायचे नाहीत. नुसते कुशीवर वळायचे. वळताना त्यांच्या तोंडून जो कण्हण्याचा आवाज यायचा, तो ऐकून आम्हालाच कसंतरी व्हायचं. कविता पाठ करायची तर ओठ हलवून. भांडायचं तर चिमटे काढून. खिडकी एकच, तीही मार्केटच्या बाजूची. वाऱ्यावर कांद्याची टरफलं आत यायची, अंथरुणात, वहीत, कधी कधी भातात.

सुमेध माझ्यापेक्षा दीड वर्षाने लहान. त्याला गप्प बसणं जमायचं नाही. तो बाहेर पळायचा. बाहेर सेक्टरच्या कडेला एक मोकळं मैदान होतं, तिथे मोठी पोरं फुटबॉल खेळायची. आधी हा नुसता बॉल आणून द्यायचा, मग कुणी आलं नाही की खेळायचा, मग तो आला नाही की लोक घरी शोधत यायचे. मुलगी म्हणून मला तेवढी मोकळीक नव्हती. मी आतच बसले आणि वाचत राहिले. आता वाटतं, आम्हा दोघांना बाबांच्या झोपेनेच घडवलं. एकजण पायाने बोलायला शिकला, दुसरी मनातल्या मनात.

आमच्या खानदानात दहावीच्या पुढे कुणी गेलेलं नव्हतं. परभणीकडून बाबा आले तेव्हा त्यांच्याकडे अंगावरच्या कपड्यांशिवाय काही नव्हतं, आणि गावी परत जाण्यासारखं काही मागे ठेवलेलंही नव्हतं. मी कॉलेजात गेले. हे मी ताठ मानेने सांगते. उगाच नम्रपणा दाखवायचा मला कंटाळा आहे.

जानेवारी आला की हे सगळं अंगावर येतं. आता मी करंजाड्याला राहते. सकाळी गॅलरीत उभी राहिले की समोरच्या बांधकामांवर धुकं असतं, खरं धुकं किती आणि धूळ किती ते कळत नाही. थंडी म्हणावी तर स्वेटर लागत नाही, नाही म्हणावी तर चहाचा कप दोन्ही हातांत धरावासा वाटतो. गावाकडून मावशी अजून हुरडा पाठवते. पिशवी उघडली की हिरव्या ज्वारीचा कच्चा वास घरभर होतो. सिग्नलवर पोरं छोटे झेंडे विकायला लागतात. सोसायटीच्या गेटजवळ कुणीतरी स्पीकर तपासत असतो, "हॅलो, हॅलो, चेक," आणि मी हातातलं काम टाकून ऐकत राहते. एवढ्या वर्षांनंतरही. बाकीच्यांना सव्वीस जानेवारी म्हणजे झेंडावंदन आणि जिलेबी. मला सव्वीस जानेवारी म्हणजे मॅच.

गेल्या आठवड्यात फोनवर मेसेज आला. नंदूदादाचा. "बैठक नेहमीच्या जागी. नंबर वाटून घ्या. उशीर करणाऱ्याला रेफरीची वकिली मिळेल."

मी ऑफिसात बसून हसले. शेजारच्या टेबलवरच्या मॅडमनी विचारलं, काय झालं? काय सांगणार?

सांगायचं तर असं आहे. वाशीचं आमचं कॉलेज आणि नेरुळचं कॉलेज यांची फुटबॉलची मॅच दरवर्षी सव्वीस जानेवारीला दुपारी चार वाजता. झेंडावंदन झालं, जिलेबी खाऊन झाली की चार वाजेपर्यंतचा वेळ जाता जात नाही. तो कसा घालवायचा? इतर ठिकाणी पोरं घोषणा देत असतील, दुसऱ्याच्या नावाने शंख करत असतील. आमच्याकडे एक वेगळीच रीत होती. कुणी सुरू केली माहीत नाही. मैदानाच्या पायऱ्यांवर सगळे सपोर्टर बसायचे आणि प्रत्येकाला समोरच्या टीममधला एक खेळाडू वाटून दिला जायचा. त्याची वकिली करायची. आपल्या माणसाची नाही, शत्रूची. तो किती भारी आहे, आपल्याला कुठे मारेल, कुठे फसेल, सगळं खरंखरं सांगायचं. आमचे खेळाडू मागच्या पायरीवर बसून ऐकायचे. त्यांनी मध्ये बोलायचं नाही. आणि वकिलाने खोटं बोलायचं नाही. खोटं बोलला असं नंतर कळलं तर पुढच्या वर्षी त्याला पायऱ्यांवर जागा नाही, मैदानाच्या बाहेर उभं राहून मॅच बघायची.

नंदूदादा या कोर्टाचा जज्ज. मूळचा साताऱ्याकडचा, कॉलेज सोडून किती वर्षं झाली हे त्यालाही आठवत नसेल. टेम्पो चालवायचा. पण सव्वीस जानेवारीला टेम्पो बंद. तो म्हणायचा, "भीती वाटतीया ना? मग तिला नाव द्या. नंबर द्या. आठ नंबरची भीती, दहा नंबरची भीती. सगळी मिळून एकदम वाटली की माणूस पळतंय."

मी पहिल्या वर्षी माझ्या मैत्रिणीबरोबर, सायलीबरोबर, सहज गेले, आणि मला कळलं की माझ्या तोंडाला कुलूप नाही. इतकी वर्षं घरात न बोललेलं सगळं तिथे बाहेर पडलं. त्या वर्षी मी त्यांच्या एका विंगरची अशी वकिली केली की आमचाच गोली घाबरला. नंदूदादा म्हणाला, "ह्या पोरीला सरकारी नोकरी द्या रे कुणीतरी." दुसऱ्या वर्षापासून त्यांच्या सगळ्यात खतरनाक खेळाडूची वकिली माझ्याकडे. असं ठरूनच गेलं.

आणि तिसऱ्या वर्षी त्यांचा सगळ्यात खतरनाक खेळाडू होता माझा भाऊ.

मी वाशीच्या कॉलेजात होते, कारण तिथे चालत जाता यायचं. सुमेधला नेरुळच्या कॉलेजाने बोलावून घेतलं होतं. टीममध्ये आहे तोवर फी माफ. त्याच्या शिक्षणाचा सगळा डोलारा या एका अटीवर उभा होता. टीममधून नाव गेलं की फी आली, आणि फी आली की कॉलेज गेलं, कारण बाबांच्या पाठीने तेव्हा जवळजवळ संप पुकारला होता. बाबांनी एकदाच म्हटलं होतं, रागाने नाही, पाऊस येईल म्हणावं तसं, "नाही जमलं तर मार्केटात ये लेकरा माझ्या जागी. मुकादमाशी बोलून ठेवलंय मी."

त्या वाक्यानंतर सुमेध दुप्पट धावायला लागला.

त्या जानेवारीची थंडी मला मटारच्या वासासकट आठवते. मार्केटात मटारचा हंगाम होता, आई रोज पदरात थोडे घेऊन यायची. आम्ही शेंगा सोलत बसायचो, दाणे कमी आणि टरफलं जास्त. त्या आठवड्यात सुमेध शेंगा सोलायला खाली बसला नाही. उभा राहूनच सोलत होता. आईने पाहिलं, मी पाहिलं. शेवटी आईने त्याची पॅन्ट वर ओढली तर डावा गुडघा टम्म सुजलेला. प्रॅक्टिसला कुणाच्या तरी अंगावर आपटला होता.

"सरांना दाखवलास?" मी विचारलं.

"दाखवला तर बसवतील. सव्वीसला जो माझ्या जागी खेळेल तो परत जागा देणार आहे का मला?"

सव्वीस तारखेच्या सकाळी बाबा घरी होते, सुट्टी म्हणून जागे. दिवसाढवळ्या आमच्या घरात सगळे बोलतायत, हेच मला चमत्कारिक वाटत होतं. आई जाडं मीठ तव्यावर भाजून फडक्यात बांधत होती आणि त्या पुरचुंडीने सुमेधचा गुडघा शेकत होती. मीठ तडतडत होतं. तो दातावर दात दाबत होता, पण वर हसत होता.

"ताई, माझीच वकिली ना आज?"

"हो."

"मग जरा तारीफ कर. त्या हेमंतला सांग, झोप लागणार नाही आज रात्री."

हेमंत आमचा फुलबॅक. जुहूगावचा, आगरी, अंगाने दरवाजासारखा. सुमेधला अडवायचं काम त्याचंच.

आईने पुरचुंडी तव्यावर ठेवली. "काही बोलू नको तिथं," ती मला म्हणाली. "ह्याच्या पायाचं एक अक्षर काढू नको, प्रज्ञा. तुला सांगायलेय मी. त्या लोकांना कळलं तर तुडवतील माझ्या लेकराला."

"तिथे खोटं बोलत नाहीत, आई."

"मग जाऊच नको," बाबा म्हणाले. "सोपं हाय ना? डोकं दुखतंय म्हण."

सोपं होतं. पण मी विचार केला, माझी जागा रिकामी दिसली की ते विचारणार, प्रज्ञा का नाही आली? भावाच्या वेळीच का नाही? मी गेले नसते तर माझी रिकामी जागाच सगळं सांगून मोकळी झाली असती. आणि खरं सांगते, मला गप्प बसण्याचा वीट आला होता.

सुमेधने मोजा वर ओढला, त्याच्यावर पट्टी, पट्टीवर परत मोजा. मग म्हणाला, "तू जा ताई. तुला जे बोलायचं ते बोल." त्याच्या आवाजात परवानगी होती की राग होता, ते मला तेव्हा कळलं नाही. वाशीला पोहोचेपर्यंत मी तेच उलटंपालटं करत राहिले.

मैदानावर लाल माती वाळून पीठ झाली होती. कोण चाललं तरी पावलामागे धूर उठायचा. खाडीकडून चिखलाचा वास येत होता. पायऱ्यांवर पोरं जिलेबीचे चिकट हात पॅन्टला पुसत बसली होती. बैठक सुरू झाली. सायलीकडे त्यांचा गोली होता.

"युवर ऑनर," ती उभी राहून म्हणाली, "माझा अशील सहा फूट आहे. रोज डोक्याला तेल लावतो. बॉल त्याच्या डोक्याला लागला तर घसरून परत आपल्याकडेच येणार, ही आपली एकमेव आशा."

"आणि हाताला?"

"हाताला लागला तर विसरा. फेव्हिकॉल आहे."

सगळे हसले. मी पण हसले, पण माझं हसू ओठांच्या पलीकडे गेलं नाही. एकेक नंबर होत होता. मधला बचाव सांभाळणारा स्टॉपर रागीट आहे, त्याला चिडवा. सहा नंबर डावीकडे बघतच नाही. कुणीतरी त्यांच्या कोचचीही वकिली केली, पाच मिनिटं नुसती शिट्टी वाजवून. ऊन पायरीपायरीने खाली सरकत होतं. नऊ नंबर जवळ येत होता.

नंदूदादाने नाव घ्यायच्या आधीच रोहन बोलला. तो आमच्या वर्गातला, सगळीकडे नाक खुपसणारा. "नऊ नंबरचं आधी मी सांगतो. काल नेरुळ स्टेशनचा जिना उतरताना बघितला मी त्याला. कठडा धरून उतरत होता. म्हातारीसारखा. काय प्रज्ञा, घरात काय चाललंय?"

हसणं थांबलं. सगळ्या माना माझ्याकडे. मागच्या पायरीवर हेमंत शेंगदाणे खात होता, त्याचा हातही थांबला.

"मध्ये बोलू नगंस रे," नंदूदादा रोहनला म्हणाला. मग माझ्याकडे वळून, नेहमीपेक्षा हळू, "वकीलबाई, बोला. नसंल बोलायचं तर तसं सांगा. भाऊ हाय तुमचा. आजच्या दिवस सूट देतो."

सूट. ती जर मी घेतली असती तर? मला तो क्षण अजून स्वच्छ दिसतो. सूट घेतली असती तरी उत्तर मिळालंच असतं त्यांना. आणि मग रोहनने त्या उत्तराला हवं तसं वळण दिलं असतं. माझ्या भावाच्या पायाबद्दल दुसऱ्या कुणी का बोलावं?

मी उभी राहिले.

"नऊ नंबर. सुमेध. माझा भाऊ. उजव्या पायाने मारतो, लांबून मारतो, आणि मारायच्या आधी वर बघत नाही, म्हणून कळत नाही. हवेतल्या बॉलला कच्चा आहे. डावा गुडघा सुजलाय. सकाळी आईने मिठाने शेकलाय, मी घरातून निघाले तेव्हा वर पट्टी बांधलेली होती. वळताना दुखतो. पळताना कमी दुखतो. तो न सांगता खेळतोय, कारण बसला तर टीममधून जाईल, टीममधून गेला तर फी भरायला आमच्याकडे काही नाही, आणि मग तो मार्केटात पोती उचलेल. त्याचं बी.ए. त्या गुडघ्यावर उभं आहे. हे सगळं खरं आहे. आता तुम्हाला माहीत आहे. पुढे काय करायचं ते तुमचं."

मी खाली बसले.

"संपलं मग," रोहन म्हणाला. "हेमंत, पहिल्या दोन मिनिटांत काम करून टाक."

हेमंतने शेंगदाण्याची पुडी चुरगळली. त्याने मध्ये बोलायचं नव्हतं, पण बोलला. मला विचारलं, "कंचा म्हनालीस?"

"डावा."

"बरं," म्हणाला आणि उठून गेला.

फक्त बरं. त्या एका शब्दाचे मी चार वाजेपर्यंत किती अर्थ लावले असतील! बरं म्हणजे कळलं. बरं म्हणजे बघतो. बरं म्हणजे आता सापडला. सायलीने मला चहा आणून दिला, तो तसाच थंड झाला. ती म्हणाली, "एवढं सगळं कशाला सांगितलंस गं? फीचं वगैरे?" मी म्हटलं, "अर्धं खरं सांगितलं असतं तर ती नुसती चुगली झाली असती." तिच्या घरी आई-वडील दोघं शिकलेले. तिला मी कसं समजावणार, की आमच्याकडे पाय हा नुसता पाय नसतो.

लोक मॅच बघायला येतात आणि म्हणतात, खेळ आहे, हार-जीत चालायचीच. चालायचीच कुणाची? सपोर्टरचं काम काय असतं हे मी त्या दुपारी शिकले. आपल्या हातात काही नसताना पूर्ण शुद्धीत बसून राहायचं. मी आमच्या कॉलेजचा झेंडा हातात धरून बसले होते आणि मनात एकच जप, त्याला लागू नये, त्याला लागू नये.

चार वाजता शिट्टी झाली. सुमेधचं मला काही दिसत नव्हतं, फक्त डावा पाय दिसत होता. आणि त्याच्या मागेमागे हेमंत. आमची पोरं ओरडत होती, "हेमंत, घे! घे त्याला!" पहिल्या अर्ध्यात एकदा बॉल दोघांच्या मध्ये उडाला. सुमेध मारायला वळला, सगळं वजन डाव्या पायावर. हेमंत धुरळा उडवत घसरत आला. मैदानावर लाल ढग झाला. त्यात दोघंही दिसेनात. मला वाटतं मी उभी राहिले होते. ढग खाली बसला तेव्हा बॉल रेषेबाहेर होता, हेमंत मातीत लोळत होता आणि सुमेध उभा होता. दोन्ही पायांवर.

दुसऱ्या अर्ध्यात सुमेधने लांबून गोल मारला. वर न बघता. आम्ही एक-शून्यने हरलो. विजेत्याची ढाल नेरुळला गेली.

पायऱ्या उतरताना रोहन माझ्या अंगावर आला. "वकिली केलीस की दलाली? एवढी रडकथा ऐकवलीस, हेमंतचा पायच उचलेना."

"वकिली केली," मी म्हटलं. "आणि केस जिंकले."

पण आतून मला ते खात होतं. आपल्याच कॉलेजला हरवलं का आपण? हेमंतने दया दाखवली का? मला दया नको होती. मी सरळ जाऊन त्याला विचारलं. तो नळाखाली डोकं धरून बसला होता. मातीचं पाणी मानेवरून वाहत होतं.

"सोडलंस तू त्याला?"

"सोडला?" त्याने डोकं वर केलं. "येडी हायस काय? तो गोल मना अडवताच आला नाय. भारी मारला भडव्यानी." मग जरा थांबून, तोंड पुसत म्हणाला, "पन एक सांगू? तू बोलली नसतीस ना, तर पहिल्या अर्ध्यात मी त्याच पायावर गेलो असतो. मुद्दाम नाय. माजी सवयच हाय ती, डावीकडून घुसायचं. कोनी पन असला तरी. आज फक्त उजवीकडून गेलो. बॉल मिलाला ना? मग?"

आईला भीती होती की सांगितलं तर तुडवतील. न सांगता सहज तुडवला गेला असता, आणि कुणाचा दोषही नसता.

घरी, मी पायाचं बोलले हे सांगितल्यावर, आईने मला रात्रीचं जेवण वाढलं, पण माझ्याशी बोलली नाही. दोन दिवस नाही. मी हेमंतचं म्हणणं सांगितलं, तेव्हा तिने पातेल्यातला मटाराचा रस्सा परत एकदा माझ्या ताटात ओतला. सुमेध मात्र पाय पसरून बसला होता. "लांबून मारतो म्हणालीस ना? मॅचआधीच कानावर आलं माझ्या. म्हणून मारला," तो म्हणाला. "नाहीतर पास देणार होतो."

आज हे लिहिताना बाहेर सोसायटीचा स्पीकर एकदाचा ठीक झालाय. उद्या सकाळी मी वाशीला जाणार. नंदूदादाच्या मिशा पांढऱ्या झाल्यात, टेम्पो विकला त्याने, पण कोर्ट चालू आहे. मला नेरुळची अकरा नंबरची पोरगी वाटून आलीय. हो, दोन वर्षांपासून मुलींचीही मॅच असते. मी तिला ओळखत नाही. म्हणून या आठवड्यात ऑफिसातून परस्पर नेरुळला उतरून दोनदा तिची प्रॅक्टिस बघून आले, जाळीबाहेर उभी राहून. डाव्या पायाने मारते, पडली की लगेच उठत नाही, आधी आजूबाजूला बघते कुणी हसलं का. हे सांगावं लागेल. सांगताना ती कुठून येते, कशासाठी खेळते, हेही विचारून ठेवायला हवं होतं असं वाटतंय. उद्या मॅचच्या आधी गाठते तिला. चार वाजेपर्यंत भीती काही जायची नाही, ती जाऊही नये.

त्या वर्षी गोल केल्यावर सुमेधची जागा पक्की झाली. मॅच झाल्यावर त्याने सरांना गुडघा दाखवला, सरांनी शिव्या घातल्या आणि दोन महिने विश्रांती दिली, पण नाव काढलं नाही. फी माफ राहिली. मार्केटच्या मुकादमाला बाबांनी स्वतः जाऊन सांगितलं की पोरगा येणार नाही. त्याच उन्हाळ्यात मी बी.कॉम. झाले. पुढच्या वर्षी सुमेध बी.ए. झाला.